रिकोव्हर अणुशास्त्रज्ञ नव्हते, मग अणुपाणबुडीचं श्रेय त्यांना का?

तुम्ही विचारलंय की अ‍ॅडमिरल हायमन रिकोव्हर यांना अमेरिकेच्या अणुनौदलाचे जनक म्हणतात, पण ते ना अणुशास्त्रज्ञ होते ना त्यांनी कुठली लढाई जिंकली, मग एवढं श्रेय त्यांना कशासाठी? आणि आपल्या अरिहंत या अणुपाणबुडीशी त्यांचा काही संबंध लागतो का?

तुमच्या शंकेत जे खरं आहे ते आधी मान्य करतो. अणुशक्तीवर पाणबुडी चालवता येईल ही कल्पना रिकोव्हरांची नाही. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतले भौतिकशास्त्रज्ञ रॉस गन यांनी ती १९३९ सालीच मांडली होती. फिलिप एबलसन यांनी १९४६ मध्ये तिच्यावर अहवाल लिहिला. अणुभट्टीत प्रचंड दाबाखालचं साधं पाणी वापरावं, हा मार्ग ओक रिज या अमेरिकेतल्या अणुसंशोधन केंद्राच्या अ‍ॅल्विन वाइनबर्ग यांनी सुचवला. रिकोव्हर त्याच ओक रिजला १९४६ मध्ये विद्यार्थी म्हणून आले होते. वय ४६, हुद्दा कॅप्टन, शिक्षण विजेच्या अभियांत्रिकीचं.

तरीही श्रेय त्यांचंच, असं माझं ठाम मत आहे, आणि ते मत एका पाइपामुळे झालंय.

सप्टेंबर १९५४. कनेक्टिकटमधल्या ग्रोटनच्या गोदीत नॉटिलस ही जगातली पहिली अणुपाणबुडी जवळपास तयार होऊन धक्क्याला उभी होती. वाफेच्या चाचण्या चालू असताना एक लहानसा पाइप फुटला. सुदैवाने कुणाचा जीव गेला नाही, आणि अणुभट्टीशी त्या पाइपाचा संबंधही नव्हता. पण तपासात निघालं की जिथे सीमलेस, म्हणजे बिनशिवणीचा, पाइप हवा होता तिथे शिवणीचा पाइप बसवला गेलाय. म्हणजे पत्रा वळवून कडा वेल्ड केलेला, कठड्याला वापरतात तसला. रंग चढला, इन्सुलेशन गुंडाळलं की दोन्ही पाइप सारखेच दिसतात. मग प्रश्न उभा राहिला की असा पाइप आणखी कुठेकुठे गेला असेल? त्याचं खात्रीचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. रिकोव्हरांनी शंका असलेला सगळा पाइप उपसून नवा घालायला लावला. हजारो फूट. सगळ्या जगाचं लक्ष त्या बोटीकडे लागलेलं असताना.

मी औष्णिक वीज केंद्रांच्या उभारणीत २६ वर्षं वेल्डिंग इन्स्पेक्टर होतो, म्हणून या प्रसंगाचं वजन मला जास्त जाणवत असेल. एका साइटवर हायड्रो टेस्टच्या, म्हणजे पाइपात दाबाने पाणी भरून करायच्या चाचणीच्या, आदल्या दिवशी ड्रेन लाइनमध्ये मला हातभर लांबीचा एक तुकडा सापडला, ज्यावर हीट नंबर, म्हणजे धातू कुठल्या ओतणीतला हे सांगणारा क्रमांक, नव्हता. स्टोअरवाला म्हणाला, आपल्याच लॉटमधला आहे. साइट इन्चार्ज म्हणाले, एवढ्याशा तुकड्यासाठी टेस्ट पुढे ढकलायची का? मी सही केली नाही. तुकडा कापला, नवा बसवला, जॉइंटचे एक्स-रे परत काढले. दोन दिवस गेले आणि आठवडाभर साइटवर माझ्याशी कुणी धड बोललं नाही. एका हातभर तुकड्यापायी मला इतकं जड गेलं. रिकोव्हरांनी हजारो फुटांचा निर्णय घेतला तेव्हा त्यांच्यावर किती दाब आला असेल, याचा मी पुष्कळदा विचार केलाय.

हा माणूस असा कसा घडला? पोलंडमधलं माकूव हे गाव तेव्हा रशियाच्या झारच्या राज्यात होतं, तिथल्या ज्यू शिंप्याच्या घरचा हा मुलगा. नौदलाच्या नोंदीत जन्मसाल १९०० आहे. ज्यूंवरच्या अत्याचारांतून वाचण्यासाठी कुटुंब अमेरिकेला आलं आणि पुढे शिकागोत स्थिरावलं. नवव्या वर्षी त्यांनी पहिली कमाई केली: शेजारचा माणूस यंत्रावर काम करत असताना त्याच्यासाठी दिवा धरून उभं राहायचं, तासाला ३ सेंट. शाळेत असताना घरोघर तारा पोचवल्या. १९१८ मध्ये अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीत प्रवेश मिळाला आणि १९२२ मध्ये ५४० जणांत १०७ वे आले. पुढची वीस वर्षं सांगण्यासारखी चमकदार नाहीत. एस-४८ नावाच्या सतत नादुरुस्त होणाऱ्या पाणबुडीवर नोकरी केली, पण पाणबुडीचं नेतृत्व कधी मिळालं नाही. उभ्या आयुष्यात नेतृत्व मिळालं ते १९३७ मध्ये चीनच्या किनाऱ्यावर फिंच नावाच्या सुरुंग काढणाऱ्या जुन्या बोटीचं, तेही काही महिनेच. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलाच्या जहाजविभागात विजेच्या शाखेचे प्रमुख होते. लढाईत मार खाल्लेल्या जहाजांवर नेमकं काय निकामी झालं हे तपासायचं आणि ती उपकरणं नव्याने घडवून घ्यायची, हे काम त्यांनी तिथे केलं. माझ्या मते त्यांचं खरं शिक्षण हेच.

त्या काळची पाणबुडी म्हणजे खरं तर थोडा वेळ बुडी मारू शकणारं जहाज. डिझेल इंजिनाला हवा लागते, म्हणून पाण्याखाली बॅटरीवर चालायचं, आणि बॅटरी संपली की चार्जिंगसाठी वर यायचं. वर आली की शत्रूच्या तावडीत. अणुभट्टीला हवा लागत नाही, एवढ्या एका गोष्टीने सगळं बदलणार होतं. ओक रिजहून परतल्यावर रिकोव्हरांनी वरिष्ठांच्या मागे लकडा लावला. तेव्हाचे नौदलप्रमुख चेस्टर निमित्झ स्वतः जुने पाणबुडीवाले. डिसेंबर १९४७ मध्ये त्यांनी या प्रस्तावाला मान्यता दिली. १९४९ पासून रिकोव्हर एकाच वेळी नौदलातही अधिकारी होते आणि अणुऊर्जा आयोगातही. एका खात्याने मागणी करायची आणि दुसऱ्याने ती मंजूर करायची, तर दोन्हीकडे हेच.

त्यांच्या कामाची रीत बघायची असेल तर आयडाहोच्या वाळवंटातल्या आर्कोला जावं लागतं. समुद्रापासून शेकडो मैलांवर त्यांनी पाणबुडीच्या पोटाचा एक खराखुरा तुकडा उभा केला आणि त्यात अणुभट्टी बसवली. आधी ऐसपैस जागेत प्रयोगाची भट्टी करू आणि मग ती आटोपशीर करू, असं अनेकांचं म्हणणं होतं. रिकोव्हरांनी ते मोडून काढलं. जमिनीवरची भट्टी पहिल्या दिवसापासून पाणबुडीत मावेल अशीच हवी, म्हणजे अडचणी जमिनीवरच समोर येतील. त्यांनी थांबणंही नाकारलं. नॉटिलसची कील, म्हणजे बोटीच्या तळाचा कणा, अध्यक्ष ट्रुमन यांच्या हस्ते १४ जून १९५२ ला बसली, आणि आर्कोची भट्टी पहिल्यांदा पेटली ती ३० मार्च १९५३ ला. भट्टी चालते की नाही हे कळायच्या आधी बोट बांधायला घेतली होती!

जून १९५३ मध्ये आर्कोत पूर्ण शक्तीची चाचणी झाली. २४ तास होऊन गेल्यावर अभियंते म्हणाले, हवी ती माहिती मिळाली, आता बंद करू. रिकोव्हर म्हणाले, चालू ठेवा. त्यांनी अटलांटिक महासागराचा नकाशा मागवला आणि बोट खरंच समुद्रात असती तर कुठे पोचली असती याच्या खुणा त्यावर करायला सांगितलं. साठ तासांच्या सुमारास अडचणी सुरू झाल्या, वॉशिंग्टनहून चाचणी थांबवण्यासाठी दबाव आला, तरी ते हटले नाहीत. कागदावरची ती पाणबुडी न थांबता आयर्लंडला पोचली. भर वाळवंटात.

दुसरी गोष्ट झर्कोनियमची, आणि ती फार थोड्यांना माहीत असते. भट्टीतल्या इंधनावर कवच हवं. ते गरम पाण्यात गंजता कामा नये आणि भट्टी चालू ठेवणारे न्यूट्रॉन हे कण गिळता कामा नये. झर्कोनियम या दोन्ही कसोट्यांना उतरतं, पण निसर्गात त्याच्या सोबत हाफ्नियम असतं, आणि हाफ्नियम न्यूट्रॉन अधाशासारखे गिळतं. दोघांचे रासायनिक गुण इतके सारखे की वेगळं करणं महाकठीण. शुद्ध झर्कोनियम तेव्हा प्रयोगशाळेत नमुन्यापुरतं मिळायचं. रिकोव्हरांनी त्याच्या उत्पादनाची घडी बसवून घेतली. वेगळं काढलेलं हाफ्नियमही वाया गेलं नाही, भट्टीला आवर घालणाऱ्या कंट्रोल रॉडसाठी ते वापरलं गेलं.

१७ जानेवारी १९५५ ला नॉटिलसने धक्का सोडला आणि कप्तान विल्किन्सन यांनी अणुशक्तीवर निघाल्याचा संदेश दिला. त्याच वर्षी मे महिन्यात ती न्यू लंडनहून पोर्तो रिकोच्या सान हुआनपर्यंत हजाराहून जास्त सागरी मैल पाण्याखालून ९० तासांच्या आत गेली. ३ ऑगस्ट १९५८ ला ती बर्फाच्या खालून उत्तर ध्रुवावर पोचली.

आणि या माणसाला नौदल घरी पाठवायला निघालं होतं. १९५१ आणि १९५२, लागोपाठ दोन वर्षं बढतीच्या मंडळाने त्यांना डावललं. दोनदा डावललेल्या कॅप्टनने निवृत्त व्हायचं, असा नियम होता. दुसऱ्यांदा डावललं तेव्हा नॉटिलसची कील बसून जेमतेम काही आठवडे झाले होते. त्यांचा स्वभाव तिखट, ते पारंपरिक दर्यावर्दी नव्हते, आणि ज्यू असल्याचाही त्रास त्यांना अकादमीपासून झाला होता. शेवटी सिनेटच्या समितीने ३९ कॅप्टनांच्या बढत्या अडवून धरल्या, तेव्हा नौदल नमलं. १९५३ मध्ये ते रिअर अ‍ॅडमिरल झाले आणि १९८२ पर्यंत सेवेत राहिले. एकूण ६३ वर्षं.

अणुनौदलात येणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याची मुलाखत ते स्वतः घ्यायचे. उमेदवाराच्या खुर्चीचे पुढचे पाय थोडे कापलेले असत, बसणारा सारखा घसरत राही. १९५२ मध्ये जिमी कार्टर नावाचा तरुण लेफ्टनंट असाच समोर बसला होता. अकादमीत कितवा आलास, असं रिकोव्हरांनी विचारलं. त्याने अभिमानाने ८२० जणांत ५९ वा असं सांगितलं. त्यावर प्रश्न आला: तू होता होईल तेवढे प्रयत्न केलेस का? कार्टर प्रामाणिकपणे म्हणाले, नेहमी नाही. रिकोव्हरांनी विचारलं, का नाही? आणि खुर्ची फिरवली. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले कार्टर सांगत की वडिलांखालोखाल आपल्या आयुष्यावर याच माणसाचा प्रभाव पडला.

त्यांची दुसरी बाजू लपवणं मला योग्य वाटत नाही. हाताखालच्या माणसांना ते पाणउतारा करून बोलत. आपला मार्ग सोडून दुसरा मार्ग कुणी सुचवला तर तो चिरडायला मागेपुढे पाहत नसत. ज्या गोदीच्या मालक कंपनीशी ते बिलांवरून कडाक्याचं भांडले, त्याच कंपनीकडून त्यांनी वर्षानुवर्षं भेटवस्तू घेतल्या होत्या. किंमत सुमारे ६७,००० डॉलर. १९८५ मध्ये नौदलमंत्री जॉन लेहमन यांनी त्यांना लेखी ठपका दिला. एका तुकड्याच्या हीट नंबरावर अडून बसायला ज्यांनी मला शिकवलं, त्यांच्याबद्दल हे वाचताना मला वाईट वाटलं होतं, आजही वाटतं.

निवृत्तीच्या तीन दिवस आधी, २८ जानेवारी १९८२ ला, काँग्रेसच्या समितीपुढे त्यांनी जे सांगितलं ते मात्र कुठल्याही सत्कारापेक्षा मोठं आहे. अणुजहाजांमधल्या आपल्या वाट्याचा मला अभिमान नाही, देशाच्या रक्षणासाठी ती गरजेची होती म्हणून केली, माझं चाललं तर ती सगळी बुडवून टाकीन, अशा अर्थाचं ते बोलले. ८ जुलै १९८६ ला ते वारले.

आता अरिहंत. थेट संबंध नाही. अरिहंतची ८३ मेगावॉटची भट्टी भाभा अणु संशोधन केंद्राची आहे, आणि त्या कामात रशियाची मदत झाली. पण तीही दाबाखालच्या साध्या पाण्याचीच आहे, आणि आपणही आधी कल्पक्कमला जमिनीवर तिचा नमुना उभारून चालवला, मगच विशाखापट्टणमला बोटीत भट्टी बसवली. २६ जुलै २००९ ला अरिहंत पाण्यात उतरली आणि २०१६ मध्ये नौदलात दाखल झाली. आणखी एक धागा आपल्या पालघर जिल्ह्यात येतो. तारापूरच्या अणुभट्ट्यांमधल्या इंधनाच्या नळ्या झर्कोनियमच्याच मिश्रधातूच्या असतात. त्या हैदराबादला बनतात, आणि तिथेही आधी त्यातलं हाफ्नियम काढून टाकावं लागतं.