कुलूप लावशील, पण रजिस्टर कुठे ठेवशील?

आक्का, नमस्कार. मी शहाद्याकडची. माझ्या मुलाला सिकलसेल आहे, रक्ताचा आनुवंशिक आजार; त्याचा एसएस पॅटर्न, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलेला. सहा वर्षांपूर्वी मी फेसबुकवर नंदुरबार-धुळे-जळगावच्या अशा घरांसाठी ग्रुप सुरू केला. तो उघडा आहे, कोणीही यावं, वाचावं. मागच्या महिन्यात एका ताईने लिहिलं, 'माझी लहान बहीण एएस (वाहक) निघाली, लग्न ठरलंय, काळजी वाटते.' चार दिवसांत ते मुलाकडच्यांच्या घरी पोचलं. सुपारी फुटलेली सोयरीक मोडली. स्क्रीनशॉट काढणारी मुलाची मामी, तीही आमच्याच ग्रुपात होती. आता निम्मे म्हणतात, नाव-गाव-फोन नोंदवून, रिपोर्ट बघूनच आत घ्या, बाहेरच्याला काही दिसायला नको. निम्मे म्हणतात, मग ज्याला गरज आहे तो येणारच नाही. मलासुद्धा पहिला आधार मिळाला तो असाच, रात्री दोन वाजता नवऱ्याच्या मोबाइलवर कोणाकोणाचं वाचून. अ‍ॅडमिन म्हणून माझ्यावर केस होईल का? झोप उडालीय. काय करू?
— दार धरून उभी

दार धरून उभ्या असलेल्या माझ्या ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्याशी अडकले. 'तीही आमच्याच ग्रुपात होती.' तू ते जाता जाता लिहून पुढे गेलीस, पण मला तर सगळं पत्र त्या एका वाक्यातच दिसतं. तू कुलूप लावलं असतंस तरी मामी आतच बसलेली होती ना? तिने फॉर्मही भरला असता. तिच्या माहेरी कोणी एएस असेल तर रिपोर्टही दाखवला असता.

आता त्या नोंदणीचा जरा विचार कर. नाव, गाव, फोन, रिपोर्ट. वर्षभरात तुझ्याकडे काय जमा होईल? शहादा, तळोदा, शिरपूर, चोपडा, कोणत्या गावात कोणत्या घरात सिकलसेल आहे, याचं आयतं रजिस्टर. आज मामीच्या हाती एक पोस्ट लागली, उद्या कोणाच्या तरी हाती अख्खी वही लागेल. आपल्याकडे सोयरीक जमवताना मुलीच्या आत्याच्या सासरपर्यंत चौकशी जाते, हे मी तुला सांगायला नको. 'ती त्या ग्रुपात आहे' एवढं कळलं तरी पुरे, मग आत ती काय बोलली हे कोणी विचारणारही नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर हलवायचं कोणी सुचवत असेल तर आधीच नाही म्हण. तिथे ग्रुपातल्या प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो.

चैत्रात गच्चीवर बिबडे घालताना बाया काय काय बोलतात, आठव. ओल्या धोतरावर हात फिरत असतो, बोटांना शिजवलेल्या ज्वारीचा चिकटा, आणि कोणाचा गर्भ राहत नाही, कोणाचा नवरा हात उचलतो, सगळं निघतं. गच्चीला कुठे कुलूप असतं? पण जिन्यात पाऊल वाजलं की पाऊल कोणाचं ते कळतं, आणि विषय लगेच मिठाच्या अंदाजावर येतो. तुझ्या ग्रुपात ते पाऊल ऐकू येत नाही. शे-पाचशेच्या वर माणसं गेली की कोण आलं, कोण बसलंय, कोणालाच पत्ता नसतो. मला भीती वाटते ती अशी, की कुलूप लागलं म्हणजे बायांना वाटेल आपण आता गच्चीवर आहोत, आणि आजवर लिहिलं नाही ते सगळं लिहून मोकळ्या होतील. मामीच्या मोबाइलसमोर.

मला हे कळायला एक माणूस दुखवावं लागलं. फार वर्षांपूर्वी, हे सदर कागदावर छापलं जायचं तेव्हा, एका बाईचं पत्र मी नाव-गाव काढून छापलं. नवरा एसटीत कंडक्टर, सासरे सूतगिरणीतून निवृत्त, घरात जुळ्या मुली, एवढं मात्र राहू दिलं. मला वाटलं, यात काय ओळखू येणार. आठवड्याच्या बाजारात तिला भाजीवालीने विचारलं, 'माय, पेपरात तुनंच शे का?' तिने मला परत कधी पत्र लिहिलं नाही. तेव्हापासून मी नावाच्या आधी तपशील बदलते. तुझ्याही पत्रात बदललेत, कोणते ते तुझं तुला कळेल. हे सदर कोणीही उघडून वाचतं, तरी तू मला लिहिलंस. का लिहिलंस, ते बघ. गोष्ट उघडी राहिली आणि माणूस झाकलेला राहिला तर चालतं, हे तुला ठाऊक होतं म्हणूनच.

म्हणून माझं मत सांगते, तुझ्या दोन्ही पक्षांना अर्धंच आवडेल. माहिती उघडी ठेव, कहाण्या आत घे, आणि आतली खोली लहान ठेव.

माहिती म्हणजे काय, तर तुला रात्री दोन वाजता जे हवं होतं ते. पोराचे हातपाय ठणकताहेत, तो किंचाळतोय, घरातले म्हणताहेत बाहेरचं झालं असेल, आणि बाईच्या हातात नवऱ्याचा मोबाइल. तिला तिथे फॉर्म दिसला तर ती मागे फिरेल. सदस्य झाली आणि सकाळी नवऱ्याच्या मोबाइलवर, चारचौघांत, तुमच्या ग्रुपाचं नोटिफिकेशन टिंग करून आलं तर? तिच्यासाठी कुठे नाव न घालता वाचता येणं हाच आडोसा आहे. लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात म्हणून ठणका लागतो. पाणी कमी पडलं, थंडी बाधली, अंगमेहनत जास्त झाली, ताप आला की तो उठतो. ताप चढला, छातीत दुखायला लागलं, श्वास लागला, डाव्या बरगडीखाली पोट एकाएकी फुगलं तर घरी थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. ठणका कमी ठेवणारी हायड्रॉक्सीयुरियाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आहे, म्हणजे प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. हे सगळं वेशीवर टांगलंस तरी कोणाची सोयरीक मोडणार नाही.

सरकारचंही तेच धोरण आहे म्हण. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची, २०४७ पर्यंत आजार संपवायचा, असं तेव्हा ठरलं. तपासणी करून घ्यायला माणसं आपण होऊन पुढे यावीत असं वाटत असेल तर आजाराबद्दल बोलणं मोकळं हवं. पण तपासणी झालेल्याचा निकाल त्याचा त्याचा. या दोन गोष्टी आपण सारख्या एकत्र कालवतो.

आतल्या खोलीचं म्हणशील तर रिपोर्ट मागू नकोस. ओळखीतल्या एखाद्या जुन्या सदस्याने सांगावं, तू फोनवर दोन मिनिटं बोलावंस, आवाज ऐकावास, मग घ्यावंस. वीस-पंचवीस जणी झाल्या की दुसरी खोली काढावी, तीही दुसऱ्या कोणाच्या हाती. लिहून ठेवायचं काही नाही. आणि फेसबुकच्या ग्रुपात नाव न दाखवता पोस्ट टाकायची सोय आहे, पण ते नाव अ‍ॅडमिनला दिसतं, म्हणजे तुला दिसणार. हे बायांना आधीच सांगून टाक. स्क्रीनशॉट कोणतंच कुलूप अडवत नाही, हेही.

मागे जे लिहिलं गेलंय त्याचं काय? एक-दोन महिने लागतील, पण बसून चाळ. ज्यात दुसऱ्याचा निकाल आहे, दुसऱ्याचं नाव किंवा नातं आहे, ते आधी काढ, मग लिहिणारीला कळव. त्या ताईने लिहिलं ते प्रेमाने, यात शंका नाही. पण रक्त बहिणीचं होतं आणि बोट हिचं. बहिणीला विचारलं होतं का? तुझ्या ग्रुपात एकच नियम लावायचा झाला तर हा लाव: स्वतःचं लिहा.

केसचं थोडक्यात. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी, केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कोणाला गुन्हेगार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपाच्या प्रकरणात म्हटलं आहे. पण कळल्यावरही ती पोस्ट तशीच ठेवलीस तर मी तुला माफ करणार नाही, न्यायालयाचं मला माहीत नाही. नोटीस वगैरे आलीच तर वकिलाला दाखव, मला नको.

आता त्या मुलीचं. ग्रुपापेक्षा मला तिचीच काळजी जास्त आहे. तिच्याकडे जा, फोन करू नकोस. तिला सांग, एएस म्हणजे वाहक, आजारी नव्हे. नवरा एए, म्हणजे वाहकही नसलेला, असता तर तिच्या एकाही मुलाला एसएस झालं नसतं, फार तर मुलं तिच्यासारखी वाहक निघाली असती. दोघंही एएस असतील तर मात्र प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता. मग मला सांग, मुलाची तपासणी झाली होती का? मामीने मोबाइलमध्ये एवढं बघितलं, भाच्याचं रक्त बघितलं का? त्या गावात आणि त्या घराण्यात कोणीच एएस नाही हे कोणी ठरवलं? मुलीच्या आई-वडिलांनी पुढच्या स्थळाला हे आपण होऊन सांगावं आणि मुलाचाही रिपोर्ट मागावा. मान खाली घालून नव्हे, हुंडा-मानपानाचं बोलतात तसंच, समोर बसून.

जाता जाता एक बोलते, राग मानू नकोस. तुझा ग्रुप मी उघडून पाहिला. पहिल्याच पानावर तुझ्या मुलाचा फोटो आहे, हाताला सलाइन, ओठ सुकलेले, खाली त्याचं नाव आणि शाळा. तेव्हा तो पाच वर्षांचा होता, आता पाचवीत असेल. वर्गातल्या एखाद्या पोराच्या हाती मोबाइल आलाच असेल. आज तो शाळेतून आला की जेवायला वाढ, आणि तो फोटो ठेवू का काढू, ते त्याला विचार.

तुझी,
आक्का