रोज पिणाऱ्याची दारू सोडवायला एए मीटिंग पुरेशी आहे का?

भाऊ रोज तीन क्वार्टर पितो, आता सोडायचं म्हणतोय, नाशकात एए (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा आपापसातला गट) मीटिंगला नेलं तर पुरे का, असं तुम्ही विचारलंय. मीटिंग हवीच, पण पहिला आठवडा तिच्या भरवशावर काढू नका.

आपल्याकडे सर्रास काय करतात? माणसाला वणीच्या गडावर नेतात, देवीपुढे शपथ घालतात आणि त्याच दिवशी दारू तोडतात. शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. फिट आली तर बहुधा पहिल्या 48 तासांत येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भास, ताप, बरळणं. यात माणूस दगावू शकतो, आणि घरचे म्हणतात देवीचा कोप झाला! कोप कसला? दारूने रोज दबलेला मेंदू दाब उठताच उसळतो. शपथेला माझा विरोध नाही, पण गड चढायच्या आधी सिव्हिलला किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. क्लोरडायझेपॉक्साइडसारखी मेंदू शांत करणारी गोळी सुरू करून ते साधारण आठवड्याभरात डोस उतरवत बंद करतात. सोबत थायमिनचं (व्हिटॅमिन बी-1) इंजेक्शन, तेही ग्लुकोजच्या आधी. अशक्तपणा आला म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावून घेऊ नका. उरलंसुरलं थायमिन त्यात खर्ची पडतं, तोल जातो, स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते.

मग मीटिंग. फी नाही, दारू सोडायची इच्छा एवढीच अट. 90 दिवसांत 90 मीटिंग हा तिथला जुना रिवाज, तो पाळा. सातपूर-अंबडला शिफ्ट असेल तर शिफ्टच्या वेळेला जुळणारा ग्रुप धरा. लवकर स्पॉन्सर घ्या, म्हणजे आधीच दारू सोडलेला, आधार देणारा जुना सदस्य. घसरतात ते बहुतेक पगाराच्या संध्याकाळी, म्हणून ती संध्याकाळ मीटिंगलाच. प्यायला तरी दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत जायचं, कोणी हाकलत नाही. तुम्ही स्वतः अल-अनॉनला, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या गटाला जा.

आणि भाजीत गुपचूप गोळी कालवणाऱ्यांचं ऐकू नका. ती बहुधा डायसल्फिराम असते. त्यावर दारू पोटात गेली की रक्तदाब कोसळतो, हृदय बंद पडू शकतं. त्याला न सांगता देणं म्हणजे विषप्रयोगच. सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतली तर ती उपयोगी पडते.

एक राहिलं. पूर्वी कधी फिट आली असेल किंवा कावीळ झाली असेल, तर घरी सोडवूच नका, भरती करा. रात्री-अपरात्री सल्ला हवा असेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416.