मार्टिन हे नाव इतकं सर्वदूर कसं पसरलं?

मूळ नाव रोमन, युद्धदेवता मार्सवरून आलेलं. ते घराघरांत नेलं फ्रान्समधल्या तूर शहराच्या संत मार्टिनने. हा रोमन सैनिक. आमिआँच्या वेशीवर कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला त्याने तलवारीने आपला झगा कापून अर्धा दिला, अशी कथा आहे. पुढे तूरचा बिशप झाला, ३९७ मध्ये वारला. पुढे तिथे राज्य करणाऱ्या फ्रँक राजांनी त्याला डोक्यावर घेतलं. फ्रान्समध्ये मार्टिन हे आजही सर्वाधिक आढळणारं आडनाव.

खरी गंमत पुढे आहे. ११ नोव्हेंबर हा त्याचा सण. १४८३ मध्ये त्याच दिवशी जर्मनीत एका बाळाचा बाप्तिस्मा झाला, म्हणून नाव ठेवलं मार्टिन. आडनाव ल्यूथर. हाच पुढे प्रोटेस्टंट पंथाचा प्रवर्तक झाला. संतपूजेवर तुटून पडणाऱ्याला नाव संताचंच! १९३४ मध्ये अमेरिकेतले पाद्री मायकल किंग जर्मनीला जाऊन आले आणि त्यांनी स्वतःचं नि मुलाचं नाव बदलून मार्टिन ल्यूथर किंग केलं.