वाचक विचारतात : पावतीवरचे भाडे आणि न बांधलेली घरे

प्रश्न : गिरगावातील एका चाळीत आमचे कुटुंब चार पिढ्या राहत आहे. पावतीवरचे भाडे आजही काही शेकड्यांतच आहे. मुलाला मात्र लग्नानंतर विरारला घर भाड्याने घ्यावे लागले; तेथील एका महिन्याचे भाडे आमच्या वर्षभराच्या भाड्याहून अधिक आहे. भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईचे वाटोळे केले, असे वारंवार वाचनात येते. आम्हाला तर त्याच कायद्याने तारले. खरे काय मानावे?
— एक वाचिका, गिरगाव

उत्तर : कायद्याने आपल्याला तारले, हे निर्विवाद आहे. आपल्या मुलाला त्याने काय दिले, याचा विचार मात्र वेगळा करावा लागतो.

मुंबईत भाड्यावर सरकारी नियंत्रण प्रथम आले ते पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ मध्ये. आज आपण ज्याला ‘रेंट ॲक्ट’ म्हणतो तो कायदा १९४७ चा. त्याने प्रमाण भाडे, म्हणजे मालकाला कायद्याने घेता येणारे कमाल भाडे, सामान्यतः १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते त्यावर बांधून टाकले, भाडे देण्यास तयार असलेल्या भाडेकरूला काढणे जवळपास अशक्य केले आणि त्याच्या पश्चात सोबत राहणाऱ्या कुटुंबीयांकडे ते संरक्षण जाऊ दिले. युद्ध, फाळणी आणि शहराकडे लोटणारी माणसे पाहता त्या वेळी हे करणे गैर होते, असे मला वाटत नाही. तात्पुरती म्हणून केलेली ही तरतूद मुदतवाढीवर मुदतवाढ घेत पन्नास वर्षे टिकली, आणि दुखणे तेथून सुरू झाले. अखेर १९ डिसेंबर १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात सांगितले की, प्रमाण भाडे गोठवणाऱ्या या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी आणि मनमानी ठरल्या आहेत. कायद्याची मुदत संपत आली होती आणि नवा कायदा येऊ घातला होता, म्हणून त्या तेव्हा रद्द केल्या गेल्या नाहीत, इतकेच.

त्यानंतरचा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली. ही वाढ चक्रवाढीने धरली, तरी २००० साली १०० रुपये असलेले भाडे पंचवीस वर्षांनी २६७ रुपयांच्या आसपास पोहोचते. समजा, चाळीस खोल्यांची चाळ आहे आणि प्रत्येक खोलीचे भाडे एवढेच आहे. मालकाच्या हाती महिन्याला पावणेअकरा हजार रुपयेही येणार नाहीत, आणि त्यात सागवानी तुळया बदलणे, गच्चीची गळती थांबवणे, जिना सावरणे हे सारे बसवायचे. ते बसत नाही, म्हणून चाळी टेकूवर उभ्या राहतात. दुरुस्तीचा भार उचलण्यासाठी शासनाने १९६९ च्या कायद्याने उपकर लावून वेगळे मंडळ स्थापन केले, तेव्हा शहर भागात अशा उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या. हे मंडळ पुढे म्हाडात विलीन झाले. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळून ३३ जण दगावले. अशा प्रत्येक दुर्घटनेचे खापर एका कायद्यावर फोडता येणार नाही. परंतु जी इमारत राखण्यात मालकाला काही मिळत नाही आणि जी राखण्याचा अधिकार भाडेकरूला पुरता नाही, ती राखायची कोणी, हा प्रश्न त्या कायद्याने अधांतरी ठेवला.

आता आपल्या मुलाकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मुंबईत चाळी बांधणारा माणूस भाड्यावर जगण्यासाठीच बांधत असे. विसाच्या दशकात सरकारनेही वरळी, नायगाव आणि डिलाईल रोडला बीडीडी चाळी उभारल्या. भाडे गोठल्यावर खासगी पैशाने ही वाट सोडली. त्यानंतर बांधले गेले ते विकण्यासाठी : ओनरशिपचे फ्लॅट आणि गृहनिर्माण संस्था. ज्यांच्याकडे जास्तीचा फ्लॅट होता त्यांनीही १९७३ मध्ये धसका घेतला, कारण त्या वर्षी रेंट ॲक्टमध्ये झालेल्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी रोजी लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे भाडेकरूचे हक्क न देता ठरावीक मुदतीच्या परवानगीवर, राहत असलेल्या लोकांना भाडेकरूचा दर्जा मिळाला. तात्पुरते म्हणून ठेवलेले बिऱ्हाड कायमचे झालेले ज्याने पाहिले, त्याने पुढचा फ्लॅट कुलूपबंद ठेवला तर त्याला दोष देणे कठीण आहे. केंद्राच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीनुसार देशातील शहरांत भाड्याच्या घरांचे प्रमाण १९६१ मधील ५४ टक्क्यांवरून २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आले, आणि रिकाम्या घरांची सर्वाधिक संख्या मुंबईत, सुमारे ४.८ लाख, होती.

शिवाय भाडे पावतीवर गोठले, तरी घराची किंमत गोठली नव्हती. ती पागडीच्या, म्हणजे भाड्याची खोली मिळवण्यासाठी एकरकमी मोजायच्या रकमेच्या, वाटेने बाहेर आली. जुन्या कायद्यात पागडी घेणे हा गुन्हा होता, तरी ती राजरोस चाले; १९९९ च्या कायद्याने तिला मान्यता दिली. खोली हस्तांतरित होताना येणाऱ्या रकमेचा तिसरा हिस्सा किंवा त्याच्या आसपास मालकाला द्यायचा, असा रिवाज पडला. म्हणजे स्वस्त भाड्याचा लाभ आधीपासून आत असलेल्याला मिळाला आणि नव्याने येणाऱ्याने त्याची किंमत रोख मोजली. सहा महिने सबळ कारणाविना खोली न वापरल्यास ताबा जाऊ शकतो, म्हणून उपनगरात स्थायिक झालेली कुटुंबे महिन्यातून एकदा येऊन दिवा लावून जातात, हे दृश्य आपल्या चाळीतही असेल. एका अर्थी तीही रिकामीच घरे आहेत.

तरीही ‘वाटोळे’ हा शब्द मी वापरणार नाही. १९७६ चा नागरी जमीन कमाल मर्यादा कायदा, जो महाराष्ट्रात २००७ पर्यंत राहिला, आणि भूखंडावर किती बांधता येईल याच्या मर्यादेतली (एफएसआय) कंजुषी यांनीही जमीन अडवून धरली. दुसरे असे की, गेली पंचवीस वर्षे नवी घरे लिव्ह अँड लायसन्सवर ठरेल त्या रकमेला देता येतात, आणि मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याला १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडून बाहेर काढता येते व दुप्पट भरपाई घेता येते. असे असूनही केवळ भाड्यासाठी इमारती बांधणारा पुन्हा फारसा दिसला नाही. घराच्या किमतीच्या मानाने वर्षाचे भाडे दोन-तीन टक्केच सुटत असेल, तर तो बँकेत ठेव का ठेवणार नाही? नियंत्रणाने पुरवठा आटला हे खरे. ते उठवल्याने तो आपोआप परतत नाही, हेही तितकेच खरे.

माझ्या मते त्या कायद्यात दोन गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या होत्या : मनमानी हकालपट्टीपासूनचे संरक्षण आणि गोठवलेला आकडा. पहिली आपल्यासारख्या कुटुंबांना शहराच्या मध्यावर, कामाजवळ आणि शाळेजवळ ठेवून गेली. दुसरीने चाळ पोखरली. पहिली राखून दुसरी सोडणे १९५० च्या दशकातही शक्य होते. कोणत्याही सरकारने भाडेकरूंच्या मतांपुढे ते धाडस केले नाही.

प्रश्न : आमच्या आजोबांनी १९३० च्या सुमारास दादरला चाळ बांधली. आज तिचे उत्पन्न मालमत्ता करालाही पुरत नाही. घरमालक म्हणजे धनदांडगा, असे सर्व जण का धरून चालतात?
— एक वाचक, दादर

उत्तर : कारण कायदा घडवताना भाडेकरू गरीब आणि मालक श्रीमंत, ही जोडी गृहीत धरली गेली आणि नंतर ती कोणी तपासली नाही. पागडीच्या घरात डॉक्टरही आहेत आणि मालकाच्या घरात निवृत्त शिक्षकही. भाड्याची सवलत उत्पन्न पाहून दिलेली नव्हती. एखाद्या गटाला मदत करायची, तर तिचा खर्च शहराने उचलायला हवा होता, आपल्या आजोबांनी नव्हे. १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात घातलेल्या तरतुदीनुसार ७० टक्के भाडेकरूंनी मागणी केल्यास, मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम देऊन इमारत संपादित करता येते. ज्या भाड्याला न्यायालय मनमानी म्हणते, त्याच्याच शंभरपट! या तरतुदीला मालकांनी दिलेल्या आव्हानातून सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाचा ५ नोव्हेंबर २०२४ चा निर्णय आला : प्रत्येक खासगी मालमत्ता ही ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ मानता येणार नाही. आपल्यापुरता व्यवहार्य मार्ग मुंबईच्या विकास नियमावलीतील नियम ३३(७) खालील पुनर्विकासाचा आहे. त्यासाठी ५१ टक्के रहिवाशांची संमती लागते आणि प्रत्येक निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटईक्षेत्राचे घर द्यावे लागते. हा मार्ग उपकरप्राप्त इमारतींसाठी आहे, म्हणून चाळ उपकरप्राप्त आहे का, हे आधी तपासून घ्यावे.

प्रश्न : पुण्यात दरवर्षी करार संपला की घरमालक भाडे वाढवतात. सरकारने सरळ कमाल भाडे ठरवून द्यावे, असे आपल्याला वाटत नाही का?
— एक वाचक, बाणेर

उत्तर : नाही. सॅन फ्रान्सिस्कोने १९९४ मध्ये लहान इमारतींना नियंत्रणाखाली आणले, त्याचा अभ्यास स्टॅनफर्डच्या अर्थतज्ज्ञांनी केला आहे. तेथील भाडेकरू आपल्या घरात अधिक काळ टिकले, हा लाभ खरा होता. पण नियंत्रित इमारतींच्या मालकांनी भाड्याची घरे १५ टक्क्यांनी घटवली आणि शहरातील एकूण भाडी ५.१ टक्क्यांनी वाढली. बर्लिनने फेब्रुवारी २०२० मध्ये भाडी गोठवली; एप्रिल २०२१ मध्ये जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने तो कायदा राज्याच्या अधिकाराबाहेरचा म्हणून रद्द केला, पण तोवर जुन्या घरांच्या जाहिराती ठळकपणे कमी झाल्या होत्या. बाणेरला पुढच्या वर्षी नोकरीसाठी येणाऱ्याला ज्या घराची जाहिरातच निघाली नाही, त्याच्या कमाल भाड्याचा काय उपयोग?

आपला खरा त्रास अनिश्चिततेचा आहे. अकरा महिन्यांच्या कराराऐवजी तीन वर्षांचा करार आणि त्यात वार्षिक वाढीचा आकडा आधीच लिहिलेला असावा, असा आग्रह धरावा. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात निवासी घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेऊ नये, अशी मर्यादा आहे. तो नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय येथे बंधनकारक होत नाही. महाराष्ट्रात आजही आपल्या बाजूने असलेली तरतूद म्हणजे १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे कलम ५५ : करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि तो नोंदवलेला नसेल तर अटींविषयी आपले म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.