तेव्हा तर आंब्याला मोहोर होता

लातूरला माझ्या समुपदेशनाच्या खोलीत बसून आजवर कितीतरी बायकांनी मला एकच प्रश्न विचारलाय, "मॅडम, पोटुशी असताना माझं बीपी वाढलं, ते माझ्याच चुकीनं ना?" कुणी भर उन्हात शेतात गेलेली असते, कुणी नवऱ्याशी भांडलेली, कुणी ग्रहणात विळीवर भाजी चिरलेली. चूक प्रत्येकीनं शोधून ठेवलेली असते.

रेखा औसा तालुक्यातली. (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, लिहायला तिची संमती आहे.) पहिलं बाळंतपण, माहेरी आलेली. ३२व्या आठवड्यात डोकं ठणकायला लागलं, चेहरा सुजला, डोळ्यांपुढे काजवे चमकले. बीपी १७०/११०, लघवीत प्रोटीन. प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणात बीपी धोकादायक चढण्याचा आजार. रात्रीतून सिझर. लेकरू काचेच्या पेटीत, ही अतिदक्षता विभागात. तीन दिवस तिनं बाळ पाहिलं नव्हतं.

माझ्याकडे आली तेव्हा बाळ पाच महिन्यांचं, गुटगुटीत. पण बाळ झोपलं तरी हिला झोप नाही. दंडाला बीपीचा पट्टा बांधला की रडू फुटायचं. घरचे म्हणायचे, "दोघं वाचलात ना, मग आता काय?" हे वाक्य मायेनंच बोललं जातं, पण त्यानं बाईचं तोंड बंद होतं. कृपा करून ते म्हणू नका.

"आईनं कैरीचं नवं लोणचं घातलं होतं," ती म्हणाली. "मी रोज खायची. सासूबाई म्हणतात, मिठानंच घात केला."

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीनं काम करते. समजूत पुराव्यावर घासून पाहायची, ही माझी सवय. मी तिला सांगितलं, या आजाराची सुरुवात बहुधा वार, म्हणजे पोटातल्या बाळाला पोसणारा अवयव, गर्भाशयात रुजताना होते. तिथल्या रक्तवाहिन्या पुरेशा रुंद होत नाहीत, वारेला रक्त कमी पडतं, आणि पुढे त्या वारेतून आईच्या रक्तात जे उतरतं त्यानं तिचं बीपी चढतं. मीठ तोडल्यानं हा आजार टळतो, असं आढळलेलं नाही.

"वार रुजण्याचे तुझे महिने कोणते?"

तिनं बोटांवर मोजलं. "संक्रांत ते होळी."

"आणि लोणचं?"

ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "तेव्हा तर आंब्याला मोहोर होता."

मला वाटलं, जिंकलं. पुढच्या आठवड्यात ती नवी चूक घेऊन आली: डोहाळजेवणाला झोक्यावर बसले होते. त्यानंतर आणखी एक. मी एक खोडावी, तिनं दुसरी काढावी. एका दुपारी मी वाद सोडला आणि विचारलं, "चूक तुझी नाहीच असं धरलं, तर काय होईल?"

ती बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिली. "चूक माझी नसंल, मॅडम, तर मग पुढच्या वेळी मी काय टाळू?"

इतकी वर्षं मी ज्याला अपराधी भाव म्हणत होते, त्याच्या पोटात भीती होती. लोणचं दोषी असेल तर लोणचं सोडता येतं. काहीच दोषी नसेल, तर ते पुन्हा कधीही, न सांगता येऊ शकतं. ती चूक धरून बसली होती, कारण तिच्या हातात तेवढंच होतं. ते काढून घेताना मी तिच्या हातात दुसरं काहीच देत नव्हते. हे मला उमगलं, आणि त्या दिवसापासून या बायकांशी माझं बोलणं बदललं.

मग आम्ही हातात येण्यासारखं शोधलं. हरवलेले तीन दिवस आधी नवऱ्याकडून ऐकले: इंजेक्शनं कशाची होती, बाळ पहिल्यांदा कधी रडलं. त्यानं सांगताना तोही रडला. पुढच्या खेपेला दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना जुनी फाईल दाखवायची. धोका जास्त असलेल्यांना १२व्या आठवड्यापासून कमी मात्रेचं ॲस्पिरिन देतात, त्यानं धोका कमी होतो. पण ते डॉक्टरच ठरवणार, आपल्या मनानं घ्यायचं नाही. दर भेटीत बीपी आणि लघवी तपासायची. बाळंतपणानंतरही सहा आठवड्यांपर्यंत डोकं ठणकलं, नजर धूसर झाली, बरगडीखाली दुखलं किंवा धाप लागली, तर रात्र काढायची नाही, लगेच निघायचं. शिवाय वर्षातून एकदा तरी बीपी बघायचं, कारण अशा बायकांना पुढे बीपीचा आणि हृदयाचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते. आणि दोन आठवड्यांच्या वर मन उदास राहिलं, किंवा कधीही जीव नकोसा वाटला, तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

एकदा मी सासूबाईंना बोलावलं. "आमच्या टायमाला असलं काही नव्हतं," त्या आल्या आल्या म्हणाल्या. मी झटक्यांबद्दल सांगत होते. बीपी फार चढलं तर बाळंतिणीला झटके येतात. त्यांचा चेहरा उतरला. "माझ्या धाकट्या जावेला आले होते. बाहेरचं झालं म्हणून आम्ही अंगारा लावीत बसलो. गेली ती." मग रेखाकडे पाहून म्हणाल्या, "तिनं तर लोणचं बी खाल्लं नव्हतं."

दीड वर्षानं रेखा पुन्हा आली. दिवस राहिलेले नव्हते, डॉक्टरकडे आधी विचारायला निघाली होती. फाईलची पिशवी सासूबाईंच्या हातात होती.