फॉर्म भरताना माऊसचं साइडचं बटण दाबलं जातं आणि पेज मागे जाऊन सगळं पुसलं जातं, क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हीत हे बटण बंद करता येतं का?

हो येतं. तुम्ही क्रोम आणि फायरफॉक्स दोन्ही वापरता म्हणालात, पण दोन्हीचं वेगवेगळं करावं लागतं. आमच्याकडे दिवसभर लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरायचं काम चालतं त्यामुळे नवीन कॉम्प्युटर आला की मी आधी हेच करतो.

फायरफॉक्समध्ये सोपंय. अ‍ॅड्रेस बारमध्ये इंग्रजीत अबाउट:कॉन्फिग टाका, वॉर्निंग येईल ती स्वीकारा, मग वरच्या सर्चमध्ये माऊसबटन हा शब्द इंग्रजीत जोडून लिहा, फोर्थ आणि फिफ्थ अशा दोन ओळी येतात, फोर्थ मागे जाण्याचं आणि फिफ्थ पुढे जाण्याचं. फोर्थवर डबल क्लिक केलं की ट्रूचं फॉल्स होतं, बस.

क्रोममध्ये अशी सेटिंगच दिलेली नाही, आणि विंडोजच्या माऊस सेटिंगमध्येही या बटणाचं काही नसतं. माऊसच्या कंपनीचं सॉफ्टवेअर असेल तर त्यात बघा, नाहीतर एक्स-माऊस बटन कंट्रोल नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या. त्यात अ‍ॅड करून फक्त क्रोम निवडायचं आणि माऊस बटन 4 ला डिसेबल द्यायचं. डिफॉल्ट प्रोफाइलमध्ये, म्हणजे सगळ्या प्रोग्रामना लागू होणाऱ्या सेटिंगमध्ये, करू नका, कारण मग फाइल एक्सप्लोररमध्ये पण मागे जाता येत नाही आणि तिथे हे बटण खरंच कामाचं असतं.

लिनक्सवाल्यांनी एक्सइनपुट या कमांडने बटण बंद करताना नीट बघा, तिथे मागे जायचं बटण 8 नंबरचं असतं, 4 नंबर म्हणजे चाक वर फिरवणं, ते बंद केलं तर वर स्क्रोल करणंच जाईल.

खरं तर क्रोमने ही सेटिंग द्यायलाच पाहिजे. बॅकस्पेस दाबलं की पेज मागे जायचं ते क्रोमने 2016 मध्ये आणि फायरफॉक्सने 2021 मध्ये काढलं, ते याच त्रासामुळे, लिहिलेलं जात होतं म्हणून. मग अंगठ्याखालच्या बटणाला वेगळा न्याय का?

आणि तोपर्यंत पेज मागे गेलंच तर घाबरून रिफ्रेश करू नका, लगेच ऑल्ट आणि उजवा बाण दाबा, बऱ्याच साइटवर टाइप केलेलं तसंच परत मिळतं. सेशन संपवणाऱ्या, म्हणजे मागे गेलं की लॉगआउट करणाऱ्या साइटवर मात्र नाही मिळत, तिथे मोठा मजकूर आधी नोटपॅडमध्ये लिहून मग पेस्ट करा.