अळणी, सपक की मिळमिळीत?

प्रश्न असा आला आहे : 'सासर गोव्यात फोंड्याला, माहेर कोल्हापूरला. मावशी पहिल्यांदाच इकडे आली. बांगड्याच्या हुमणाचा (खोबऱ्याच्या वाटणातल्या माशाच्या आमटीचा) एक घास घेऊन म्हणाली, "अगदी अळणी लागतंय गं." सासूबाई लगेच "मीठ उणें जालां?" म्हणत मिठाची बरणी घेऊन आल्या. मीठ तर बेताचं होतं. मग अळणी म्हणजे नक्की काय?'

कोश सासूबाईंच्या बाजूने आहे. मीठ नाही किंवा कमी पडलंय ते अळणी. संस्कृतात 'अलवण'. त्यातलं 'लवण' झिजून 'लोण' झालं, आणि तेच लोणच्यातही आहे. (लोण्याचा मात्र मिठाशी काही संबंध नाही, ते 'नवनीता'च्या वंशातलं.)

पण मावशींनाही चूक म्हणवत नाही. त्यांच्याकडे मटण हळद, आलं-लसूण आणि मीठ घालून शिजवतात आणि लाल तिखट पडायच्या आधीच त्यातला पातळ रस वाटीत काढून पोरांना देतात. त्याचं नाव 'अळणी पाणी', कुठे नुसतं 'अळणी'. त्यात मीठ असतं, नसतं ते तिखट! म्हणजे शब्दाने मिठाचं घर सोडून मसाल्याच्या घरी बिऱ्हाड केलं. मावशी ते बिऱ्हाडच सोबत घेऊन आल्या.

इकडच्या मराठीत त्यांना म्हणायचं होतं 'सपक' किंवा 'मिळमिळीत'. माझी कसोटी साधी आहे : चिमूटभर मिठाने जे सुधारतं ते अळणी. ते पदार्थाबद्दलचं विधान झालं, चाखून कुणीही पडताळावं. सपक आणि मिळमिळीत हे खाणाऱ्याचे शेरे. त्यांच्यावर वाद घालता येतो, निकाल लागत नाही. हुमणात ओलं खोबरं, सोलांचा, म्हणजे वाळवलेल्या कोकमांचा, आंबटपणा आणि तिरफळ या मसाल्याच्या फळाचा तो जिभेला किंचित बधिर करणारा स्वाद. तिरफळं ताटाच्या कडेला काढून ठेवत वाढलेल्या आमच्यासारख्यांना यात काही कमी वाटत नाही. उलट तांबडा रस्सा प्यायलो की माझे कान गरम होतात आणि बाकी काही कळेनासं होतं. मी त्याला 'तिखटजाळ' म्हणतो, कोल्हापूरकर 'झणझणीत'. रस्सा तोच, माझी तक्रार, त्यांचं कौतुक.

व्याकरणालाही ही गोष्ट जुनीच ठाऊक आहे. 'रुच्' धातू असला की ज्याला आवडतं तो चतुर्थीत, असं पाणिनीचं स्वतंत्र सूत्रच आहे. 'काशिका' या पाणिनीवरच्या जुन्या टीकेतलं उदाहरण : देवदत्ताय रोचते मोदकः. देवदत्ताला रुचतो, शेजाऱ्याचं काय ते शेजाऱ्याला विचारा. मराठीत 'मला आवडतं' हे त्याच वळणाचं. आणि तापातून उठलेला माणूस पेजेला दोष देत नाही, 'तोंडाला चव नाही' म्हणतो.

फक्त एक दुरुस्ती सुचवतो. मावशी पुन्हा आल्या की बरणी जागेवरच राहू द्या, आणि ताटात आधीच मिरचीचा ठेचा वाढा.